रात्रपाळीचा रकाना

हुडकेश्वर रोडला, पेट्रोल पंपाच्या मागे,
दोन मजली इमारत. गेटला रंग इतका ताजा
की हाताला लागला; पुसायला कागद मागितला
तर संचालकांनी स्वतःचा रुमाल काढून दिला.

मे महिना. ऊन सत्तेचाळीसला टेकलेलं.
कूलर तीन, तिन्हींत नवा वाळा.
वाळ्याखाली, जरा धीर धरला की,
फिनाईल, आणि फिनाईलखाली तो दुसरा वास
ज्याला आमच्या फॉर्मवर रकाना नाही.

खाटा एकतीस. मी मोजल्या.
चादरींच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या,
एका उशीच्या कोपऱ्याला किमतीची चिठ्ठी.
दिवसपाळीला कागदावर सहा जणी, समोरही सहा,
निळ्या एप्रनमध्ये, शाळेच्या रांगेसारख्या.
चौघींना मी एकच विचारलं:
खिडकीजवळच्या आजींचं नाव काय?
चौघींनी कूलरकडे पाहिलं.

आजींनीच सांगितलं. "यमुताई देवतळे.
मेयोत सिस्टर होते मी, बत्तीस वर्षं.
पाहणी असली की आम्हीपण
नव्या चादरी काढायचो, बाई."
मग चष्मा पदराला पुसत, हळू:
"चादर नको पाहू. पाठ पाहा."

कूस बदलल्याची नोंद, दर दोन तासांनी सही.
आठ, दहा, बारा, दोन, चार.
माझ्या घड्याळात अकरा चाळीस.
एकच पेन, एकच हात,
संध्याकाळ आधीच होऊन गेलेली.

आणि रात्रीचा रकाना कोरा.
अख्खा महिना. टिंबसुद्धा नाही.
"तिला लिहायचा कंटाळा," संचालक म्हणाले,
"काढणारच आहोत तिला."
तिला.
ते एकवचन माझ्या कानात अडकलं.

अंथरुणाला खिळलेले अकरा. अकराही पाठी पाहिल्या.
पावडरीची रेघ, मणक्यांची ओळ,
जिथे व्रण असायला हवा तिथे कातडी
पातळ, सुरकुतलेली, शाबूत.
एक जखम सापडली, टाचेवरची.
ती घरून आणलेली, यमुताई म्हणाल्या,
इथे भरत आली.

नोंद नाही म्हणजे सेवा नाही.
मीच शिकवते हे नव्या मुलांना.

मंगळवारी परत गेले, न कळवता, रात्री दोनला.
वॉचमननं फोन काढला, माझ्याकडे पाहिलं, खिशात ठेवला.
पाच नंबरच्या खाटेची बेल दाबून
सेकंदकाट्यावर डोळा ठेवला.
चाळीस. नव्वद. दोनशे दहा.
वर कुठेतरी बादली सरकली,
कोणी म्हणत होतं, झालं जी, झालं.
तीनशे चार.
कोपरापर्यंत ओले हात घेऊन ती आली.
"कोन जी तुमी? बेल काऊन वाजवली?
इथं तं बोबडे काका झोपून हायेत."

पुष्पकला गेडाम. पाय अनवाणी,
चपलेचा आवाज होतो म्हणून.
एकतीस खाटा, एक जिना, एक ती.
मी चार्ट पुढे केला. तिनं पेन घेतलं नाही.
"लिवत बसली तं पलटवू कवा?
माह्या ध्यानात राह्यते नं सारं.
भुलली तं थेच ओरडते."
आणि वळलीसुद्धा. वर कोणीतरी अर्धवट राहिलं होतं.

तीनशे चार सेकंद: दोष.
रकाना कोरा: दोष.
पाळीला एकच कर्मचारी: दोष.
सगळे तिच्याच रात्रीतले.
दिवसाची खोटी संध्याकाळ मी वेगळी जोडली,
सहीच्या झेरॉक्ससह.

शेऱ्याला फॉर्मवर दीड ओळ मिळते.
दीड ओळीत लिहिलं:
रात्री किमान चार जण नेमावेत. हिला काढू नये.
दुसऱ्या वाक्याखाली साहेबांची लाल रेघ,
आणि बारीक अक्षरात,
कोणत्या कलमाखाली?

आज शुक्रवार. उत्तर दिलेलं नाही.
दोन वाजले की हल्ली मला जाग येते
आणि मी कूस बदलते.